पट्टा की आरसा, पंडितभाऊ?

पंडितभाऊ, तुमचा तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींचा जळगावला माझ्या दुकानात फोन आला. आवाज अगदी नेहमीचा. म्हणाल्या, "सुनंदाताई, मशीन चालू करायला येशील का? सोनगीरवाल्यांचं लग्न आत अडकलंय. त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला." मी येते म्हटलं आणि फोन ठेवला. मग लक्षात आलं की तुमच्या मशीनसाठी फोन आला आणि तो तुम्ही केलेला नव्हता. तीन वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. तुमचा फोन कसा यायचा? हॅलो नाही, नावगाव नाही, एकदम "ताई, तिसरा हिरवा दिवा लागत नाही."

परवा धुळ्याला जाऊन आले. त्याचं सांगते, पण आधी बाकीचं बोलू दे. तुमच्यापुढे सलग बोलायला मला कधी मिळालंच नाही.

पहिल्यांदा तुमच्या स्टुडिओत आले तेव्हा तुम्ही माझ्या पाठीमागे बघत होतात. आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत, घड्याळवाल्याच्या दुकानावर तुमची ती एक खोली. मी जिना चढून वर आले, एका हातात पेचकसांची पेटी, दुसऱ्या हातात कार्डाचं खोकं. तुम्ही म्हणालात, "या ताई, बसा. साहेब खाली राहिले का?"

"कोण साहेब?"

"इंजिनेर साहेब. जळगावहून येणार होते ना."

"जळगावहून मीच आले."

तुम्ही तरीसुद्धा जिन्यात डोकावून आलात. पडद्यामागे वहिनी चहा टाकत होत्या, त्या आधी हसल्या. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, एका कंप्युटरच्या दुकानात नोकरी, आणि "साहेब कुठे" हे दर आठवड्याला ऐकायची सवय. राग यायचाच. पण तुम्ही जिन्यातून परत आलात ते ओशाळून, आणि म्हणालात, "माफ करा बरं का. मी नवरीच्या मामाला नवरदेव समजून अर्धा तास शूटिंग केलेला माणूस आहे." त्यावर कोण रागावणार?

तोवर तुम्ही दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून लग्नाच्या कॅसेटी बनवत होतात. एकावर प्ले, दुसऱ्यावर रेकॉर्ड, दोन्ही अंगठे तयार. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आता नवीन मशीन आलं होतं. कॅमेऱ्यातल्या टेपवरचं सगळं चित्र कंप्युटरमध्ये घ्यायचं, तिथे हवं तसं कापायचं, जोडायचं, गाणी घालायची आणि मग कॅसेटवर उतरवायचं. त्यासाठी चार डिस्का होत्या, प्रत्येक अर्ध्या विटेएवढी. त्या चौघींकडून एकीसारखं काम करून घेणारं कार्ड म्हणजे तो कंट्रोलर. तो बसवायचा आणि डिस्कांची मांडणी करून द्यायची, एवढ्यासाठी मी आले होते.

मशीन सुरू होताना दोन बटणं एकदम दाबली की निळा पडदा यायचा. तुम्ही खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात. म्हणालात, "आता मला समजेल असं सांगा. मी सातवी पास आहे."

मी सांगितलं, "भाऊ, मांडणी दोन तऱ्हेची होते. एक म्हणजे पट्टा. तुमचं लग्न बारीक बारीक तुकडे करून चारी डिस्कांवर वाटायचं. पहिला तुकडा पहिलीवर, दुसरा दुसरीवर. चौघी एकदम कामाला लागतात, म्हणून वेग येतो आणि जागाही पूर्ण मिळते. पण एक जरी मेली तरी सगळं गेलं."

"आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजे आरसा. दोघींवर जे लिहायचं तेच बाकीच्या दोघींवर जसंच्या तसं लिहायचं. एक मेली तरी तिची जोडीदारीण असते. पण जागा निम्मीच मिळते."

"निम्मी म्हणजे?"

"एक लग्न पूर्ण मावणार नाही."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "म्हणजे हळद ठेवू का सप्तपदी?"

वहिनी पडद्यामागून म्हणाल्या, "हळदच ठेवा. सप्तपदीत सगळ्यांचे चेहरे सारखेच असतात."

मी आरसा करून दाखवला. तुम्ही एक लग्न आत घेतलं आणि लावलं. नवरी मेंदीचे हात वर करत होती आणि ते हात मध्येच अडकत होते, पुन्हा सुटत होते, पुन्हा अडकत होते. आरशात लिहायला वेळ लागत होता आणि टेप तर थांबत नाही, त्यामुळे मधली चित्रं गळत होती. तुमचा चेहरा पडला. "पोरीला फिट आल्यासारखं दिसतंय," तुम्ही म्हणालात. मग मी पट्टा केला आणि हात पाण्यासारखे वर गेले. तुम्ही एवढंच म्हणालात, "हेच." मी कागदावर लिहून दिलं की आत घेतलेल्या लग्नाची मूळ टेप कॅसेट देईपर्यंत पुसू नका. तुम्ही तो कागद गणपतीच्या फोटोखाली चिकटवला आणि पहिल्याच सीझनला विसरलात.

डिस्कांच्या कॅशवरून आपलं जे भांडण झालं ते तर शेवटपर्यंत मिटलं नाही. डिस्क कधीकधी "लिहिलं" म्हणून सांगते, पण प्रत्यक्षात ते पदरात, म्हणजे त्या कॅशमध्ये, ठेवते आणि सवडीने लिहिते. त्याने काम झपाट्याने होतं. पण लाइट गेली की पदरातलं गेलं. मी ते बंद करून ठेवायची. तुम्ही ते उघडायचात. सातवी पास माणूस, इंग्रजी अक्षरांचे आकार पाठ करून, वहीत कुठलं बटण किती वेळा दाबायचं ते लिहून, त्या निळ्या पडद्यातून मी बंद केलेलं बरोबर चालू करायचात! मी आल्यावर विचारायची, "भाऊ, हे कोणी केलं?" तुम्ही छताकडे बघायचात. वहिनी म्हणायच्या, "पाल गेली असेल की-बोर्डवरून."

"लाइट गेली तर?" मी ओरडायची.

"लाइट आपल्याकडे जावयासारखी येते, ताई. मग ती आहे तोवर चार कामं उरकून घ्यायला नको का?"

मी पुन्हा ते बंद करून गाडी पकडायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, तुमचा फोन आला. "ताई, मशीन म्हणतंय डिस्कच नाही." मी दुपारच्या गाडीने आले. खोलीत पंखा बंद केला आणि एकेका डिस्कला कान लावला. तिसरी टक्, टक्, टक् करत होती. आत वाचणारा दांडा जागा शोधत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. दुकानातून मी तशीच एक जादा डिस्क आणली होती. तिचं सर्किट काढून हिला लावून पाहिलं. कधीकधी त्याने जीव येतो. आला नाही. टक्, टक्, टक्. बाकीच्या तिघी ठणठणीत होत्या. लग्नाचे चारातले तीन तुकडे शाबूत होते आणि त्यातून एक चित्रही उभं राहणार नव्हतं.

तुम्ही दारात उभे होतात. घरातली बोली तुमच्या तोंडी मन भरून आलं की यायची, आनंदात किंवा भीतीत. म्हणालात, "बठ्ठं गयं का?"

मी होय म्हणून मान हलवली; सगळंच गेलं होतं.

तुम्ही पायरीवर बसलात आणि मग सांगितलं की मूळ टेपा नाहीत. नंतरच्या एका तिथीला आणखी दोन लग्नं होती, टेपा कमी पडल्या म्हणून त्यांच्यावरच दुसरं लग्न घेतलं. कॅसेट उतरवायचं काम दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. आणि हे लग्न होतं कापडण्याच्या बाजूच्या त्या आबांच्या मुलीचं. आबा मूत्रपिंडाच्या आजाराने थकलेले, म्हणून लग्न अलीकडे ओढलेलं. लग्नानंतर अकराव्या दिवशी आबा गेले. घरचे म्हणाले होते, घाई नाही, पण महिन्याच्या आत कॅसेट मिळाली तर पोरीला बापाला बघता येईल.

त्या दिवशी तुमच्या धंद्यातला एक जण जिना चढून आला होता. त्याने शहाणपणा शिकवला, "पंडित, कॅमेऱ्यात बिघाड होता म्हणून सांग. मेलेल्या माणसाच्या घरी कोण तपासायला जातं?" तुम्ही त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघं एसटीने त्या गावी गेलो. तुम्ही मला येऊ नको म्हणत होतात. मी ऐकलं नाही.

आबांच्या घरी ओटीवर त्यांच्या बायको बसल्या होत्या, शेजारी ती नवी नवरी, माहेरी आलेली. तुम्ही जमिनीवरच बसलात. म्हणालात, "माय, मनी चूक शे. कॅसेट नई व्हनार." आणि मग सगळी चूक स्वतःकडे घेत काय झालं ते सांगितलं, टेपा पुसल्याचंसुद्धा. मुलगी ऐकता ऐकता उठून आत गेली. तिचा भाऊ चढ्या आवाजात बोलायला लागला. "भरवसा ठेवला तुमच्यावर. बाप पुन्हा आणून देणार आहात का?" तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. मी तुमच्या शेजारी बसले होते. मी एक शब्द बोलले नाही. तो गप्पपणा कशाचा होता ते पुढे सांगते.

आबांच्या बायकोनेच शेवटी वाट दाखवली. त्यांच्या पुतणीचा नवरा सुरतेला, कापडाच्या मिलमध्ये. लग्नात तो एक चिमुकला कॅमेरा घेऊन हिंडत होता. त्याने काय घेतलं, काय नाही, कोणाला माहीत नव्हतं.

तुम्ही परत येताना एसटीत म्हणालात, "सुरतेला जाऊ." वहिनीही निघाल्या. दोन दिवसांनी आपण तिघं ताप्ती लाइनच्या पॅसेंजरमध्ये होतो. त्या प्रवासात वहिनींनी बांधून आणलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि समोरच्या बाकावरच्या गुजराती आजीबाईंनी ठेचा चाखून तुम्हाला दिलेल्या शिव्या. तशातही आपण हसलो. पुतणीचा नवरा भला माणूस निघाला. त्याने ती बोटभर टेप शोधून काढली आणि म्हणाला, "पण यात लग्न काही नाही हो. मी नुसता फिरत होतो."

खरंच लग्न नव्हतं. धुळ्याला आल्यावर आपण ती लावली. निम्मा वेळ जमीन, पाय, मंडपाचं कापड. आणि मग मंडपामागे बाजेवर बनियनमध्ये बसलेले आबा. हातात बुंदीचा द्रोण. कॅमेरा दिसताच त्यांनी द्रोण पाठीमागे लपवला. "ए, बंद कर ते! डॉक्टर बघेल!" आणि तोंडात बुंदी धरून हसायला लागले. थोड्या वेळाने पुन्हा आबा, बॅंडवाल्याला दम देताना: "हळू वाजवा रे, व्याही झोपलेत." मग आबा चप्पल शोधताना. मग आबा पोरीला काहीतरी सांगताना, आवाज येत नाही, ती नाकाला पदर लावून हसते.

तुम्ही ते पुन्हा पुन्हा बघितलंत. आपल्या हरवलेल्या चित्रात आबा फेटा बांधून, लाइटच्या झोतात डोळे बारीक करून, पुतळ्यासारखे बसलेले होते. ते तुम्ही मला एसटीत सांगितलं होतंत. तुम्ही हळूच म्हणालात, "मी तीन तास घेतलं त्यांना. हे एकदाही सापडलं नाही."

त्या कॅसेटला तुम्ही गाणं घातलं नाही. बदामाच्या आकारातून बाहेर येणारी नवरी नाही, फिरणारं फूल नाही. आपण ती घेऊन गेलो. त्यांच्या घरी टीव्हीपुढे गल्ली जमली. बुंदी लपवताना बघून आबांच्या बायको पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "असाच व्हतात." मग रडल्या. मुलीने रिमोट घेतला आणि मागे नेऊन तेवढंच परत लावलं. चढ्या आवाजात बोललेल्या भावाने तुम्हाला बळेच जेवायला बसवलं.

कन्यादान मात्र कुठेच मिळालं नाही. ते आजही त्या घरात नाही. मुलगी तुम्हाला त्याबद्दल कधी बोलली नाही, पण तुम्ही ते विसरला नाहीत. पुढे कुठल्याही लग्नात कन्यादान आलं की तुम्ही दोन टेपा लावायचात.

आता जे सांगितलं नाही ते.

त्याच वर्षी, होळी झाल्यावर, मी तुमचं मशीन साफ करायला आले होते. कंट्रोलरच्या त्या निळ्या पडद्यात एक नोंदपान असतं, कुठल्या डिस्कने काय कुरकुर केली त्याचं. मी ते उघडलं. तिसरीच्या नावापुढे कुरकुरी होत्या. काही ठिकाणी तिला तेच परत परत वाचावं लागत होतं. याचा अर्थ मला कळत होता, भाऊ. ती डिस्क बदलायला हवी होती. पण पट्ट्यातली एक डिस्क बदलायची म्हणजे सगळं बाहेर काढायचं, नव्याने मांडायचं, दोन दिवस काम बंद. तुम्ही त्या वेळी एक लग्न जोडत बसला होतात, शीळ घालत. माझी शेवटची गाडी होती. मी विचार केला, पुढच्या खेपेला सांगू. पान बंद केलं. तुम्ही विचारलंत, "बठ्ठं बराबर शे ना, ताई?" मी म्हटलं, "हो."

आबांच्या ओटीवर तुम्ही "मनी चूक शे" म्हणालात तेव्हा मी ते ऐकत बसले होते. तुम्ही पट्टा मागितला होता हे खरं. टेपा तुम्ही पुसल्या हेही खरं. पण "हो" मी म्हटलं होतं.

मी सांगायचा प्रयत्न केला. सुरतेच्या गाडीत मी म्हटलं, "भाऊ, मार्चमध्ये मी आले होते ना, तेव्हा..." तुम्ही माझा हात थोपटलात. "पुरे झालं, ताई. तुनी चूक नई शे. तू पट्टा नको म्हणतच होतीस." आणि खिडकीतून तापी दाखवायला लागलात, जशी काही मी ती कधी पाहिलीच नव्हती. तुम्हाला वाटलं मी उगीच स्वतःला लावून घेतेय. मला तेवढी सवलत पुरली. दुसऱ्यांदा तुमच्या स्टुडिओत, वहिनी बाजारात गेलेल्या, मी सुरुवात केली आणि गिऱ्हाईक आलं. तिसऱ्यांदा माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी सांगायला हवं होतं. पण तुम्ही एवढे आनंदात होतात की माझी जीभ उचलली नाही.

ते लग्न दुसऱ्या कोणी शूट करायचं नाही, असा तुम्ही फतवाच काढला होता. आदल्या दिवशी जळगावला आमच्या घरी आलात आणि माझ्या वडिलांपुढे वही उघडून बसलात. "दादा, आधी काय, मग काय? वंदना केव्हा? तुम्ही उभे केव्हा राहता, बसता केव्हा? मी बौद्ध पद्धतीचं लग्न दोनदाच घेतलंय, एकही गोष्ट सुटायला नको." वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले, कडक माणूस, त्यांनी तुम्हाला एकेक गाथा म्हणून दाखवली आणि तुम्ही ती किती वेळ चालते ते घड्याळ लावून लिहून घेतलंत. मग म्हणालात, "सगळे पांढऱ्यात असणार, चेहरे काळवंडतील. एक लाइट जादा आणतो." त्या कॅसेटमध्ये माझ्या आईचा चेहरा जितका उजळ आहे तितका तो मी कधी पाहिला नव्हता. फक्त ते बदाम. भाऊ, मी हात जोडून सांगितलं होतं, बदाम नको. तुम्ही वचन दिलंत आणि शेवटी एक घातलातच, आणि वर म्हणालात, "एकच आहे, तोही लहान."

डिस्क मेल्यानंतर आपण मोठ्या डिस्का घेऊन मांडणी बदलली. दोघींचा पट्टा कामासाठी, दोघींचा आरसा जपून ठेवण्यासाठी. रोज संध्याकाळी इकडचं तिकडे. तुम्ही ते केलंत, एकदाही चुकला नाहीत, आणि एकही दिवस कुरकुरल्याशिवाय राहिला नाहीत. "अर्धी जागा त्या आरशाने खाल्ली, ताई. दोन बाया नुसत्या एकमेकींकडे बघत बसल्यात." मी माझं दुकान काढलं तेव्हा फीत कापायला तुम्हाला बोलावलं, तर तिथेसुद्धा माझ्या पाहुण्यांना तेच ऐकवलंत. आणि त्याच दमात म्हणालात, "पण ही आमनी इंजिनेर. हिला विचारल्याशिवाय मी पंख्याचं बटणसुद्धा दाबत नाही." कॅश तेव्हाही चालू होती. मला माहीत होतं.

गेल्या महिन्यात तुमचं नवीनच सुरू झालं होतं. एकतीस डिसेंबरनंतर जगातले सगळे कंप्युटर बंद पडणार, असं तुम्ही कुठेतरी वाचलं. "दोन हजार साल त्यांना मोजताच येत नाही म्हणतात. मग आपल्या नवऱ्या कुठे जातील?" मी सांगितलं, भाऊ, तुमच्या कंट्रोलरला सालाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त तुकडे कळतात. तुम्ही म्हणालात, "बघू. एक तारखेला सकाळी तूच इथे येऊन चालू कर, मी हात लावणार नाही." मी हो म्हटलं. एक तारखेला अजून दीड महिना आहे, भाऊ. तुम्ही थोडं थांबायला हवं होतं.

तर परवा गेले. वहिनी जिन्यातच उभ्या होत्या. मशीनवर तुमचा तो धुतलेला पंचा तसाच घातलेला. मी तो काढला, घडी केली, मशीन सुरू केलं. चारी हिरवे दिवे लागले. नोंदपान उघडलं. ते आता मी सगळ्यात आधी उघडते. कोणाचीच कुरकुर नव्हती.

आणि तेव्हा मी वहिनींना सांगून टाकलं. होळीनंतरची खेप, तिसरी डिस्क, माझं "हो", सगळं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. माझं झाल्यावर ताट काढायला वळल्या. मग म्हणाल्या, "मले त्यामा काय समजस, बाई? तू जेवीसन जाय."

एवढंच. मला वाटलं होतं, बोलून टाकलं की मोकळं वाटेल. तसं वाटलं नाही. माफ करायचं ते त्यांच्या हातात नव्हतं आणि त्यांनी ते कळून का न कळून पानावर वाढलं, कोणास ठाऊक. मी जेवले. भाकरी, वांग्याची भाजी, त्यांनी दोनदा वाढली.

मग आम्ही दोघी सोनगीरवाल्यांचं लग्न घेऊन बसलो. तुम्ही हळदीपर्यंत जोडून ठेवलं होतं. पुढचं कच्चंच होतं, टेपवरून आलेलं तसंच, मूळ आवाजासकट. तुम्ही हे आवाज नेहमी काढून टाकायचात आणि वर गाणं घालायचात, म्हणून मी कच्चं कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. वहिनींनीही नाही. मी लावलं. मंडप, नवरी, अक्षता. आणि कॅमेऱ्यामागून एकदम तुमचा आवाज:

"ओ मामा! हात खाली घ्या हो, नवरी झाकली तुम्ही!"

वहिनी दचकल्या.

"नाना, रडा, रडा, लाजू नका. मी नाही घेत. हां... आता घेतो." 'घेतो' म्हणेपर्यंत कॅमेरा खरंच नवरीच्या बापावरून हलून मांडवाच्या खांबावर गेला होता आणि बराच वेळ तिथेच थांबला होता.

"करवली कोण? तुम्ही का? अहो मग पुढे या ना, मागे काय वांगी विकताय?"

या शब्दांवर वहिनी हसल्या. तेरा-चौदा दिवसांत पहिल्यांदा हसल्या असतील. हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग कळलं की इतक्या वर्षांत शेकडो लग्नं घेतलेल्या माणसाचं एकही चालतं-बोलतं चित्र घरात नाही. कॅमेरा सतत तुमच्याच खांद्यावर. होता तो एवढा आवाज, आणि तो तुम्ही दर वेळी स्वतःच्या हाताने पुसत आलात.

मी विचारलं, "वहिनी, आवाज काढून गाणं घालू ना? भाऊ घालायचे तसं?"

त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. कापू नको."

"सोनगीरवाले काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यांच्याच लग्नात बोललेत ते."

तर भाऊ, ती कॅसेट काल त्यांच्या घरी गेली. हळदीला तुमचं गाणं आहे, तुम्ही लावलेला बदामही आहे, तो मी काढला नाही. आणि पुढे लग्न लागेपर्यंत तुम्ही मामांवर, नानांवर, करवलीवर ओरडताय. एक प्रत वहिनींनी ठेवून घेतली. तुम्ही असतात तर हे होऊ दिलं नसतं, धंद्याची इज्जत म्हणाला असतात, माझ्याशी तीन दिवस बोलला नसतात. चालेल. घ्या, भांडा आता.